रूल नंबर नऊ

आमच्या घरात 'मॉडेल' हा शब्द आजवर दोनच अर्थांनी आला होता. एक म्हणजे शाळेच्या प्रदर्शनासाठी थर्माकोलचं धरण करतात ते मॉडेल, आणि दुसरं म्हणजे आपली स्कूटर कोणत्या सालची हे गिऱ्हाइकाला सांगताना लागतं ते मॉडेल. त्यामुळे पुतण्या एका रविवारी बारामतीला आला आणि "काका, पुढच्या शनिवारी पळसदेवला आमचं ग्रुप मॉडेल फोटोग्राफी वर्कशॉप आहे, तुम्हीही चला," म्हणाला, तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात चाललेलं कांदा चिरणं एकदम थांबलं.

"मॉडेल म्हणजे?" आतून प्रश्न आला.

"मॉडेल म्हणजे एक मुलगी, काकू. पुण्याहून येणार आहे."

"आणि ह्यांचं तिथं काय काम?"

हा प्रश्न मलाही पडला होता. पण आपल्या मनातला प्रश्न बायकोनं आधी विचारला की आपण गप्प बसायचं, हे मी बऱ्याच वर्षांच्या संसारातून शिकलो आहे. पुतण्यानं खुलासा केला. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. पाणी बरंच उतरलं की तिथलं पुरातन देऊळ वर येतं. त्या देवळापुढे मॉडेल उभी राहणार आणि बारा फोटोग्राफर तिचे फोटो काढणार. मला इतिहासाची आवड, तेव्हा मी देवळाबद्दल चार शब्द बोलायचे आणि उरलेल्या वेळात सर्वांच्या पिशव्या सांभाळायच्या.

"म्हणजे काम पिशव्यांचं!" काकूंचा आवाज निवळला आणि कांदा पुन्हा सुरू झाला.

शनिवारी सकाळी पळसदेवला पोहोचलो तर तिथं आधी फोटो नाहीत, प्रार्थनाही नाही. एक छापील कागद वाटण्यात आला. त्यावर नऊ नियम होते. मी आयुष्यभर नोकरी केलेली असल्यामुळे छापील नियम दिसले की आधी त्यातल्या पळवाटा शोधतो. पण हे नियम वाचता वाचता मी जरा गंभीर झालो. ते थोडक्यात असे होते :

एक, मॉडेलला सूचना एका वेळी एकानंच द्यायच्या. दोन, तिला हात लावायचा नाही. पदर, केस, मान, जे काय सरकवायचं असेल ते तोंडानं सांगायचं, ती सरकवील. तीन, प्रत्येकाला सात मिनिटं, मग पुढचा. चार, विचारल्याशिवाय फोटो नाही; ती चहा पीत असेल, पाय चोळत असेल, तर कॅमेरा खाली. पाच, दुसऱ्याच्या पुढ्यात घुसायचं नाही. सहा, ती 'नाही' म्हणाली की नाही. कारण विचारायचं नाही. सात, तिला आपल्याबरोबर घरचं माणूस आणण्याची मुभा आहे. आठ, फोटो कुठं छापायचे, कुठं नाही, हे आधी कागदावर ठरवायचं. आणि नऊ, काढलेले फोटो ठरल्या मुदतीत तिला द्यायचे.

मुलगी आली ती आईला घेऊनच आली. आईनं एका दगडावर बसून स्वेटर विणायला काढला. मे महिन्यात, इंदापूर तालुक्यात, स्वेटर! पण सुया चालत असताना ती माउली बाराच्या बारा जणांवर अशी नजर ठेवून होती की मला परीक्षेच्या हॉलमधले सुपरवायझर आठवले.

पिशव्या सांभाळणं हे चिंतनाला फार पोषक काम आहे. मी विचार करू लागलो, की कॅमेऱ्यापुढच्या माणसाशी कसं वागावं हे ठरवायला आपल्याला इतकी वर्षं का लागली? कारण कॅमेरा काही काल आलेला नाही. १८३९ साली फ्रान्समध्ये ही कला जगजाहीर झाली. तेव्हा एका फोटोसाठी उन्हात मिनिटंच्या मिनिटं निश्चल बसावं लागे. मान हलू नये म्हणून पुढे स्टुडिओवाले माणसाच्या मागं लोखंडी दांडा उभा करून त्याचा चिमटा मानेला लावत. जुन्या फोटोंतली सगळी माणसं फाशीची शिक्षा ऐकल्यासारखी का दिसतात, त्याचं एक कारण हे आहे. आमचे बारामतीकर मोरोपंत १७९४ साली वारले, म्हणजे या चिमट्यातून ते पंचेचाळीस वर्षांनी वाचले. अर्थात त्यांचं काही बिघडलं नसतं म्हणा. एक फोटो निघेपर्यंत त्यांनी दोन-चार आर्या सहज रचल्या असत्या.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळींतले नामांकित फोटोग्राफर. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा धंदा मांडला. म्हणजे 'वर्कशॉप' हे आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांचं आहे. काच कशी धुवावी, औषधं कशी मिसळावीत, हे सगळं त्या काळी शिकवत असणार. पण समोर बसलेल्याला 'बसू ना मी? पाणी हवं का?' हे विचारायला कुणी शिकवलं असेल, असं मला वाटत नाही.

विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबानं मुंबईतल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचे फोटो काढून १८६३ आणि १८६६ साली त्यांचे दोन खंड प्रसिद्ध केले. माणसांचे फोटो वेगळे काढायचे आणि मागं देखावा दुसऱ्याच फोटोतला जोडायचा, अशी त्याची युक्ती होती. म्हणजे माणूस एकीकडे आणि त्याच्या मागचा समुद्र किंवा देऊळ भलतीकडचं! नंतर सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातल्या लोकांच्या फोटोंचे आठ खंड काढले. ते चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. फोटोखाली बहुतेक ठिकाणी जात असते, प्रांत असतो. माणसाचं नाव मात्र क्वचितच. आठ खंड भरतील एवढी माणसं उन्हात उभी राहिली, आणि घरी जाताना त्यांतल्या कितीजणांना स्वतःचा फोटो मिळाला असेल, देव जाणे.

रूल नंबर सातचा पूर्वजही मला सापडला. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती आणि आत फोटो काढणारी एक इंग्रज बाई. हा मनुष्य नुसता कलावंत नव्हता, व्यवहार जाणणारा होता. आत कोण असेल याचा भरवसा दिला की माणसं येतात, हे त्यानं ओळखलं होतं. तो भरवसा नसेल तर काय होतं, ते दादासाहेब फाळक्यांना विचारावं. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी स्त्रिया मिळेनात, शेवटी हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. लोकलाज होतीच, पण 'आईनं दगडावर स्वेटर विणत बसलं तरी चालेल' असा छापील कागद तेव्हा असता, तर साळुंक्यांच्या वाट्याला कदाचित तारामती आली नसती.

दुपारी जेवताना मी हे सगळं सांगितलं. एक तरुण म्हणाला, "काका, पक्ष्यांचं बरं. त्यांना नियम लागत नाहीत." मी म्हटलं, "उलट त्यांनाच जास्त लागतात." जवळच भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागं फोटोग्राफरांचे थवे येतात. एखाद्याला थवा उडतानाचाच फोटो हवा असतो, म्हणून तो नावाड्याला म्हणतो, "नाव जरा आत घाल ना!" बिचारा रोहित कुठून कुठून चिखलातलं खायला इथवर आलेला असतो. घास टाकून त्याला उठवायचं आणि वर 'निसर्गप्रेमी' म्हणवून घ्यायचं! त्या मॉडेलला 'नाही' म्हणता येत नाही आणि त्याची आईही दगडावर बसलेली नसते. तिथं नियम आपणच पाळायचे.

सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश झालो. आणि मग कागद घडी घालून खिशात ठेवताना पुन्हा एकदा शेवटच्या ओळीवर नजर गेली. रूल नंबर नऊ. माझा चेहरा त्या चिमट्यातल्या माणसासारखा झाला.

त्याचं असं आहे. १९८४ साली मी आणि माझे तीन मित्र फोटोग्राफीच्या नादी लागलो होतो. माझ्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे शटर दाबताना हात थरथरायचा. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून इंदापूरच्या दिशेनं निघाली, की काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. आम्ही चौघं तिथं हजर. मेंढ्यांचे फोटो काही जमेनात, कारण मेंढ्या सूचना ऐकत नाहीत. तेवढ्यात डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक म्हातारी दिसली. सत्तरीची असावी. चेहऱ्यावर अशा सुरकुत्या, की आम्ही चौघं एकदमच म्हणालो, "वा!"

मग आम्ही त्या माउलीला थांबवलं. एक म्हणाला, "आजी, इकडं बघा." दुसरा म्हणाला, "इकडं नको, खाली बघा." तिसऱ्यानं जाऊन तिचा पदर सारखा केला. मी म्हटलं, "आजी, जरा मागं जाऊन पुन्हा चालत या." डोक्यावर पितळेचं वृंदावन घेऊन ती बाई तीच वीस पावलं पाच वेळा चालली. पहिल्या आठ नियमांपैकी एकही आम्ही शाबूत ठेवला नाही. शेवटी ती म्हणाली, "आरं लेकरांनो, म्होरं गेली की माझी दिंडी." आणि निघता निघता तिनं मला विचारलं, "फोटू कवा मिळंल? माझा येक बी न्हाई. नातवंडास्नी दावाया व्हईल."

मी डायरीत तिचं गाव आणि दिंडीचा नंबर लिहून घेतला आणि म्हणालो, "पाठवतो, आजी."

'पाठवतो' हा फोटोग्राफरच्या भाषेतला सर्वांत स्वस्त शब्द आहे. त्याला रोलही लागत नाही.

संध्याकाळी पाऊस आला, डायरी भिजली, गावाचं नाव फुटलं. दिंडीचा नंबर तेवढा उरला. नंबरावरून दिंडी शोधता आली असती. दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, रथापुढे की रथामागे हेही मी लिहिलं होतं. पण पुढच्या वर्षी बदली झाली, त्याच्या पुढच्या वर्षी लग्न, आणि नंतर आळस हा कायमच नोकरीला होता. मात्र एका स्पर्धेला तोच फोटो पाठवायला मला पोस्टाचं पाकीट बरोबर मिळालं. त्याला तिसरं बक्षीस मिळालं. प्रदर्शनात फोटोखाली माझं नाव होतं, तिचं नव्हतं. जॉन्सनसाहेबाला मी उगाच नावं ठेवली.

पळसदेवहून आल्यावर कपाट उपसलं. प्रिंट सापडली. पिवळी पडली होती, पण म्हातारी तशीच चालत होती. मी नवी मोठी प्रत करून घेतली आणि यंदाच्या वारीत पुतण्याला घेऊन बेलवाडीला गेलो. रिंगण झाल्यावर ती दिंडी गाठली. नंबर इथं सांगत नाही. त्यांच्यामागं आणखी फोटोग्राफर नकोत. वीणेकऱ्यानं फोटो पाहिला आणि मान हलवली. मग तो हातोहात फिरला. शेवटी साठी उलटलेल्या एका बाईपाशी येऊन थांबला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पदरानं तो पुसला. पाऊस नव्हता, फोटोवर धूळही नव्हती.

"आमची आत्याबाई," ती म्हणाली. म्हणजे सासू. "जाऊन लई वर्सं झाली. घरात फोटू न्हाई तिचा. ठिवू का ह्यो?"

मी म्हटलं, "तुमचाच आहे. मलाच आणायला उशीर झाला."

किती उशीर, हे तिनं विचारलं नाही. वारकरी हिशेब फार विचारत नाहीत. तिनं फोटो पिशवीत, हरिपाठाच्या पुस्तकात घातला.

एवढ्यात बाजूला पाहतो तर पुतण्यानं कॅमेरा डोळ्याला लावलेला. मी ओरडलो, "रूल नंबर चार!" त्यानं जीभ चावली, कॅमेरा खाली घेतला आणि विचारलं, "मावशी, एक फोटो काढू का तुमचा?"

ती हसली. "काढ की बाबा. पर धाडून दे."

पुतण्या तोंड उघडून 'पाठवतो' म्हणणार, तेवढ्यात मी त्याच्या हातात पेन दिलं आणि गावाचं नाव लिहून घ्यायला लावलं. दोन ठिकाणी. आणि पाऊस यायच्या आत.