भाजीच्या कप्प्यातलं कासव

गेल्या डिसेंबरात घाटकोपरच्या मावशीचा फोन आला. "अरे, कासव चार दिवस काही खात नाहीये. नेटवर बघ ना जरा."

पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं हे कासव काकांनी वीसेक वर्षांपूर्वी आणलं होतं. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, म्हणून. काका गेले, कासव राहिलं.

नेटवर उत्तर तयारच होतं: त्याला शीतनिद्रा हवी. पोट रिकामं होऊ द्या, मग खोक्यात घालून फ्रिजमध्ये साधारण ५ अंशांवर ठेवा. मावशीने भाजीचा कप्पा रिकामाही केला. कुणाचा तरी कोड न वाचता उचलून चालवायची सवय मला आहे, पण इथे हात थांबला. हा सल्ला मुळात कुठल्या कासवासाठी?

शोधत गेलो तर इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावात पोचलो. तिथला पाद्री गिल्बर्ट व्हाइट याच्या आत्याकडे टिमथी नावाचं कासव होतं. आत्या गेल्यावर १७८० च्या मार्चमध्ये व्हाइटने झोपलेल्या टिमथीला मातीतून उकरलं आणि घोडागाडीतून ८० मैल घरी आणलं. धक्क्यांनी ते जागं झालं, बागेत फिरलं आणि गारवा वाढताच पुन्हा मातीत शिरलं. १७८९ मध्ये आलेल्या व्हाइटच्या पुस्तकामुळे टिमथी प्रसिद्ध झालं. ती मादी होती, हे ती मेल्यावर कळलं. तिची पाठ आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

टिमथीची जात भूमध्य समुद्राकाठची. तिथे हिवाळा थंड, म्हणून महिनोन्‌महिने झोपणं तिच्या अंगातच आहे. आपलं चांदणी कासव गुजरात, राजस्थान, आंध्र, तमिळनाडूच्या कोरड्या माळांवरचं. थंडीत ते मंदावतं, पण तशी लांब झोप घेत नाही. त्याचा खरा हंगाम पावसाळा. फार गारठलं तर पोटातलं अन्न पचत नाही, फुफ्फुसांना संसर्ग होतो. सांताक्रूझला नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे आमचा भाजीचा कप्पा त्या विक्रमी पहाटेपेक्षाही गार होता.

कासव वाचलं, पण वाचता वाचता दुसरी गोष्ट समोर आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव घरी पाळता येत नाही. चोरटा व्यापार इतका वाढला की २०१९ मध्ये साइट्स करारातही त्याला सर्वांत कडक यादीत घातलं.

"वीस वर्षांत कोणी बोललं नाही," मावशी म्हणाली. मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

रात्री आम्ही त्याला कोमट पाण्यात बसवलं, वर पिवळा बल्ब लावला. सकाळी त्याने पालकाचं अर्धं पान खाल्लं. मग मी वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन केला.

माणसं न्यायला आली तेव्हा मावशीने एवढंच विचारलं, "तिकडे त्याला थंडी नाही ना वाजणार?"