बाल्कनचा चंदा, सारायेवोचा कागद

डिसेंबर १९१२ मध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचं वैद्यकीय पथक मुंबईहून तुर्कस्तानला निघालं. बाल्कन युद्ध सुरू होऊन दोन महिने झाले होते. पथकाचा खर्च हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी चंदा काढून उचलला होता. तो चंदा जमवण्यात मौलाना मुहम्मद अली जौहर यांच्या ‘कॉम्रेड’चा मोठा हात होता. त्याच वर्षी जुलैमध्ये कलकत्त्याहून मौलाना अबुल कलाम आझादांचं ‘अल-हिलाल’ सुरू झालं होतं. वाचकांपर्यंत युद्धाची बातमी पोहोचवायची, जखमींसाठी मदत मागायची आणि सरकारलाही खडे बोल सुनवायचे, ही कामं त्या काळातली ही पत्रं एकाच वेळी करत.

सरकारनं त्यांचा गळा आवळला तोही पैशाच्या मार्गानं. १९१० च्या प्रेस कायद्यानं सरकारला छापखान्याकडून जामीन रक्कम मागता येई आणि मजकूर आक्षेपार्ह वाटला की ती जप्त करता येई. ‘अल-हिलाल’कडून आधी २ हजार रुपये घेतले गेले, ते जप्त झाले. मग १० हजारांची मागणी आली. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर नोव्हेंबर १९१४ मध्ये पत्र बंद पडलं. ‘कॉम्रेड’ही त्याच वर्षी बंद झालं. युद्धाच्या काळात पत्र मारायचं असेल तर संपादकाला तुरुंगात टाकलंच पाहिजे असं नाही, तिजोरीवर हात टाकला तरी पुरतं, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

ऐंशी वर्षांनी त्याच बाल्कनमध्ये हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. एप्रिल १९९२ मध्ये सर्ब सैन्यानं बोस्नियाची राजधानी सारायेवो वेढली. हा वेढा फेब्रुवारी १९९६ पर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षं चालला. सुमारे ११ हजार माणसं मारली गेली. या शहरात ‘ओस्लोबोजेन्ये’ नावाचं दैनिक निघायचं. नावाचा अर्थ ‘मुक्ती’. १९४३ मध्ये नाझींविरुद्ध लढणाऱ्यांनी ते सुरू केलं होतं. संपादक केमाल कुरस्पाहिच मुसलमान, उपसंपादक गोर्दाना क्नेझेविच सर्ब, आणि बाकी मंडळीत क्रोएटही होते. तोफांनी दैनिकाची उंच इमारत जाळून पाडली, तेव्हा ही माणसं तळघरातल्या अणुहल्ला-निवाऱ्यात बसून अंक काढू लागली. पानं घटली, प्रती घटल्या, पत्रकारांनीच रस्त्यावर उभं राहून अंक विकले.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. वर्तमानपत्र जगतं जाहिरातींवर आणि विक्रीवर. वेढ्यातल्या शहरात दुकानं बंद होती, मग जाहिरात देणार कोण? लोकांकडे रोख पैसा नव्हता, सिगारेटची पाकिटं चलनासारखी फिरत होती. अंकाला मागणी होती, पण किंमत मोजायची ऐपत नव्हती. कागद, शाई आणि जनरेटरचं डिझेल मात्र बाहेरूनच आणावं लागे. अशा वेळी पत्रासमोर दोनच वाटा उरतात. सरकारच्या ओंजळीनं पाणी प्यायचं, नाहीतर बाहेरची मदत घ्यायची.

सरकारच्या ओंजळीचा धोका या लोकांना आधीच कळला होता. युद्धापूर्वी, १९९१ मध्ये, सत्तेवर आलेल्या तिन्ही राष्ट्रवादी पक्षांनी (त्यात मुसलमानांचा पक्षही होता) प्रसारमाध्यमांवर आपली माणसं बसवायचा प्रयत्न केला. ‘ओस्लोबोजेन्ये’चे पत्रकार त्याविरुद्ध घटनात्मक न्यायालयात गेले आणि जिंकले. आपल्याच समाजाच्या पक्षाला ‘नाही’ म्हणणं किती अवघड असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

बाहेरची मदत आली ती अनेकांना न आवडणाऱ्या माणसाकडून. डिसेंबर १९९२ मध्ये जॉर्ज सोरोस यांनी बोस्नियासाठी ५ कोटी डॉलर जाहीर केले. सोरोस हंगेरीतले यहुदी. १९४४ मध्ये नाझींनी बुडापेस्ट घेतलं तेव्हा तेरा वर्षांचा हा मुलगा खोट्या ओळखीखाली लपून वाचला होता. त्यांच्या पैशातून फ्रेड क्यूनी या अमेरिकी अभियंत्यानं पाणी शुद्ध करणारी यंत्रणा विमानानं शहरात आणली आणि तोफांपासून वाचवण्यासाठी रस्त्याच्या जुन्या बोगद्यात बसवली. पाण्याच्या रांगेत उभं राहून लोक मरत होते, अशा वेळी ही फार मोठी गोष्ट होती. १९९३ मध्ये त्यांच्या प्रतिष्ठानाचं कार्यालयही सारायेवोत उघडलं आणि स्थानिक माध्यमांना, शाळांना, कलावंतांना निधी मिळू लागला. त्याच वर्षी युरोपीय संसदेनं ‘ओस्लोबोजेन्ये’ला साखारोव्ह पुरस्कार दिला.

या मदतीची दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिकडे बेलग्रेडमध्ये स्लोबोदान मिलोशेविचच्या राजवटीविरुद्ध ‘बी ९२’ हे रेडिओ केंद्र उभं होतं. त्याला पाश्चात्त्य संस्थांचं अनुदान मिळे, म्हणून सरकार त्यांना परकीयांचे भाडोत्री म्हणायचं. मार्च १९९९ मध्ये नाटोची बॉम्बफेक सुरू झाली आणि केंद्राचं प्रक्षेपण बंद पाडण्यात आलं. ज्या देशांचा पैसा घेतला, तेच देश आता शहरावर बॉम्ब टाकत होते. युद्धाला आणि आपल्या सरकारला एकाच वेळी विरोध करणाऱ्या पत्रकारांची कोंडी याहून वेगळी काय असते?

तिसरा धडा युद्धानंतरचा आहे. डेटन करारानंतर १९९६ मध्ये परदेशी देणगीदारांनी बोस्नियात सर्व समाजांसाठी एक दूरचित्रवाणी जाळं उभं केलं. त्यावर कोट्यवधी डॉलर ओतले. लोकांना मात्र ते परक्यांचं केंद्र वाटत राहिलं, आणि देणगीदारांनी हात आखडता घेताच ते कोलमडलं. अनुदानानं इमारत उभी राहते, वाचक किंवा प्रेक्षक विकत घेता येत नाहीत. हे ओळखून ‘बी ९२’चे माजी संपादक साशा वुचिनिच यांनी १९९५ मध्ये एका अमेरिकी पत्रकारासोबत वेगळा निधी काढला होता. तो स्वतंत्र वर्तमानपत्रांना कमी व्याजाचं कर्ज देई. छापखाना घ्या, कागद घ्या, कमवा आणि परत करा. कर्ज फेडणारा कुणाचा मिंधा राहत नाही, असा त्यामागचा विचार.

हे सगळं जुनं झालं असं म्हणायची सोय नाही. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या सरकारनं परदेशी मदत थांबवली. युक्रेनमधल्या अनेक स्वतंत्र माध्यमसंस्था त्या मदतीवर चालत होत्या. युद्ध सुरू असतानाच त्यांना वाचकांपुढे हात पसरावा लागला. वॉशिंग्टनमधली एक सही, आणि खारकिव्हमधल्या वार्ताहराचा पगार बंद.

आपल्याकडे तर ही वाटही नाही. भारतात वर्तमानपत्रांना आणि पत्रकारांना परदेशी देणगी घेण्यावर बंदी आहे. हा कायदा मूळचा १९७६ चा, आणीबाणीतला. २०१० च्या नव्या कायद्यातही ती बंदी कायम राहिली. म्हणजे आपलं स्वतंत्र पत्र जगवायचं तर ते आपल्याच खिशातून.

आणि खिसा रिकामा आहे असं नाही. रमजानमध्ये आपल्या वस्त्यांतून किती पैसा फिरतो, ते आपण सगळे पाहतो. मदरशाला जातो, मशिदीच्या बांधकामाला जातो, गरिबाच्या रेशनला जातो. जायलाच हवा. जकातीचे खर्चाचे मार्ग ठरलेले आहेत आणि त्याबाबत उलेमांचा शब्द अखेरचा मानला जातो, तो वाद इथे नको. पण सदक्याला अशी मर्यादा नाही. दंगलीनंतर आपली बाजू कुणी छापत नाही, अशी तक्रार आपण वर्षानुवर्षं करतो. मात्र ती बाजू छापू पाहणाऱ्या मराठी किंवा उर्दू साप्ताहिकाची वर्गणी भरताना आपला हात आखडतो. उधारीवर चालणारं साप्ताहिक मग निवडणुकीच्या हंगामात एखाद्या नेत्याच्या जाहिरातीवर तगतं, आणि पुढची पाच वर्षं त्या नेत्याविषयी गप्प बसतं.

१९१२ साली तार, रेल्वे आणि मनीऑर्डर एवढीच साधनं होती. तरी आपल्या पणजोबांनी हजारो मैलांवरच्या जखमींसाठी डॉक्टर पाठवले, आणि त्या युद्धाची बातमी देणारी पत्रंही वर्गणी भरून चालवली. आज मोबाइलवरून क्षणात पैसे जातात. पुढचं संकट आल्यावर आपली बातमी कोण देणार, याचा हिशोब संकट येण्याआधी करावा लागतो. ‘ओस्लोबोजेन्ये’ला तेवढी उसंत मिळाली नव्हती. आपल्याला अजून आहे.