शब्दवेध : डाकीण

नंदुरबारच्या अक्कलकुवा तालुक्यातलं काठी राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध. पहाटे पेटणारी होळी, मोरपिसांचे टोप, ढोल. फोटो सगळीकडे छापून येतात. त्याच सातपुड्यातला एक शब्द मात्र फोटोत मावत नाही : डाकण, प्रमाण मराठीत डाकीण.

मूळ संस्कृत डाकिनी, म्हणजे कालीच्या परिवारातली. हिंदीतली डायन, बंगालीतली डाइनी तिच्याच लेकी. तिबेटी बौद्धांकडे मात्र डाकिनी म्हणजे आकाशगामिनी, ज्ञान देणारी. तिथं तिला वंदन करतात. आपल्याकडे मूल दगावलं, गाय आटली की बोट एखाद्या बाईकडे वळतं. बहुधा एकटी, विधवा, आणि कधी नावावर जमीन असलेली. (पुरुष भगत रोगाचं कारण ‘ओळखतो’, त्याला मान, बाई कारण ठरते.) मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी खूनही.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, मंत्रतंत्रानं गुरांचं दूध आटवल्याचा आळ घेणंही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पण तक्रार द्यायला डाकीण ठरवलेल्या बाईला ज्या गावातून निघायचं, आळ त्याच गावानं घेतलेला असतो.