तरंगकोष्टकाची कुळकथा

ध्वनी घडविण्याच्या ज्या युक्तीला आजचे संगीतकार ‘वेव्हटेबल’ म्हणून ओळखतात, आणि जिच्या योगे संगणकाच्या पडद्यावरील एक नॉब फिरवताच पोकळ, मवाळ स्वर क्षणार्धात करकरीत होऊन उठतो, तिच्या कुळाचा शोध घेऊ लागले तर मूळपुरुष म्हणून कोणी कलावंत हाती न लागता काटकसर हाती लागते. आणि तीही पैशाची नव्हे, यंत्राच्या वेळेची.

युक्तीमागील सिद्धान्त पुष्कळ जुना आहे. ठराविक काळाने जसेच्या तसे पुन्हा येणारे कंपन हे एकपट, दुप्पट, तिप्पट अशा वेगाच्या साध्या कंपनांची बेरीज म्हणून मांडता येते, हा विचार फूरिए याने उष्णतेच्या वहनाचे गणित करता करता १८२२ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडला. आणि एकाच पट्टीतील सनई व सारंगी आपल्याला निराळ्या का वाटतात याचे उत्तर मुख्यतः या पटींतील अंशस्वरांच्या प्रमाणात आहे, हे हेल्महोल्ट्झच्या १८६३ च्या ग्रंथाने स्पष्ट केले. परंतु सिद्धान्त ठाऊक असणे वेगळे, आणि सेकंदाला हजारो वेळा तो अमलात आणणे वेगळे.

ही अडचण प्रथम अंगावर आली ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याच्या. १९५७ साली त्याने आयबीएम ७०४ या संगणकाकडून सतरा सेकंदांची एक सुरावट तयार करून घेतली. संगणक न्यूयॉर्कमध्ये आणि आकड्यांचा ध्वनी करणारे उपकरण न्यू जर्सीत, त्यामुळे आकड्यांची चुंबकीय फीत घेऊन परत यावे, तेव्हा कुठे ती कानी पडावी, असा तो सारा खटाटोप होता. त्या पहिल्या प्रोग्रॅमला एकच स्वर आणि एकच त्रिकोणी तरंग एवढेच साधत असे. पुढल्याच वर्षी मॅथ्यूजने ‘म्युझिक २’ रचला, त्यात चार स्वर आणि सोळा तरंगाकृती आल्या, त्या या कोष्टकाच्या तजविजीमुळे: दर क्षणी नव्याने गणित मांडण्याऐवजी तरंगाचे एकच आवर्तन एकदा मोजून त्याचे आकडे ओळीने लिहून ठेवायचे, आणि पुढे नुसते वाचत राहायचे. पावकी-निमकी पाठ असलेला जुना दुकानदार गिऱ्हाइकासमोर भागाकार करीत बसत नसे, त्यातलाच हा प्रकार.

वाचण्याची रीत मोठी रंजक आहे. आजच्या मापात सांगायचे तर कोष्टकाला २,०४८ घरे आहेत आणि ध्वनीसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे लागतात, असे समजू. ४४० कंपनांचा स्वर हवा असेल तर प्रत्येक वेळी सुमारे २०.४३ घरे पुढे सरकायचे, शेवट आला की पुन्हा आरंभी यायचे. अपूर्णांकाच्या जागी घर नसल्याने शेजारच्या दोन घरांवरून आकडा अदमासाने काढायचा. पाऊल लांब टाकले की स्वर चढतो, आखूड टाकले की उतरतो. कोष्टक तेच राहते.

मात्र तेच राहणे हाच त्याचा दोष. न बदलणाऱ्या आवर्तनाचा स्वर कानाला लवकरच कंटाळवाणा होतो, कारण खऱ्या वाद्यात अंशस्वरांचे प्रमाण क्षणोक्षणी पालटत असते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली ज्याचा शास्त्रीय विचार केला तो तंबोरा तरी दुसरे काय करतो? घोडीवरील सुताचा धागा किंचित सरकवला की तारेतले वरचे स्वर एकामागून एक उमलू लागतात.

हे पालटणे कोष्टकात आणले ते हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाम याने. आपल्या ‘पीपीजी’ या छोट्या कारखान्यात सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस त्याने चौसष्ट आवर्तने एकापुढे एक मांडली आणि स्वर वाजत असतानाच एकातून दुसऱ्यात सरकत जाण्याची सोय केली. स्मृतिसंचय त्या काळी महाग. म्हणून सर्व आवर्तने न साठवता मोजकी साठवावीत आणि मधली शेजाऱ्यांच्या मिश्रणाने भरून काढावीत, ही दुसरी काटकसर झाली, आणि माझ्या मते पहिलीहून अधिक फलदायी. ‘वेव्हकंप्यूटर ३६०’ हे पहिले यंत्र फिल्टरवाचून रुक्ष वाटे. १९८१ च्या ‘वेव्ह २’ मध्ये फिल्टर आला, तेव्हा त्या काचेरी, किंचित खरबरीत आवाजाला चाहते मिळाले. १९८७ साली पीपीजी बंद पडली, तरी १९८९ च्या वाल्डोर्फ ‘मायक्रोवेव्ह’ने तिचा वारसा चालवला.

संगणकावरील मॅसिव्ह, २०१४ चे सीरम, २०२० चे व्हायटल ही याच घराण्यातली मंडळी. सीरममध्ये २,०४८ घरांची २५६ आवर्तने मावतात, तेव्हा पामची टंचाई उरलेली नाही. दुसरी एक दक्षता मात्र घ्यावीच लागते. सेकंदाला ४४,१०० आकड्यांत २२,०५० कंपनांपलीकडचे काही मावत नाही. ४४० च्या स्वराचा पन्नासावा अंशस्वर २२,००० वर असल्याने बसतो, पण एक्कावन्नावा उलटून २१,६६० वर, अगदी विसंगत जागी, प्रकट होतो. ३,५२० च्या स्वराला तर सहाच अंशस्वर झेपतात. म्हणून सप्तकागणिक वरचे अंशस्वर छाटलेली निराळी कोष्टके तयार ठेवावी लागतात. एवढी सफाई साधल्यावरही पीपीजीची ती जुनी, ओबडधोबड कोष्टके आवर्जून मागून घेणारे संगीतकार आहेतच. त्यांना हवा असतो तो नेमका तो खरबरीतपणा.