विषाणू पेशीचं चयापचय नुसतं वापरतो की बदलतो?

विषाणूला स्वतःचं चयापचय नसतं, हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. ते बरोबरच आहे. पण त्यावरून ‘विषाणू पेशीतली यंत्रणा आयती वापरतो, बस्स’ असं मानलं की घोटाळा होतो. हा घोटाळा सुटायला दीड दशक लागलं.

१९४६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सीमोर कोहेन आणि थॉमस अँडरसन यांनी टी२ फेजची लागण झालेल्या ई. कोलाय जिवाणूंचा श्वसनाचा वेग मोजला. पेशींची वाढ थांबली होती, पण श्वसन लागणीच्या वेळी होतं तितक्याच वेगाने चालू होतं. इथेच थांबलं असतं, तर ‘चयापचय बदलत नाही’ असंच वाटलं असतं. कोहेन यांनी पुढे न्यूक्लिक आम्लं मोजली, तेव्हा वेगळंच दिसलं. डीएनए तयार होणं काही मिनिटं थांबतं आणि मग आधीपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने सुरू होतं. त्या काही मिनिटांत पेशीत काय चालतं?

धागा मिळाला १९५२ मध्ये. जेरार्ड वायट आणि कोहेन यांना टी२, टी४, टी६ या फेजच्या डीएनएत सायटोसिन सापडलंच नाही; त्याजागी हायड्रॉक्सिमिथाइलसायटोसिन होतं. निरोगी ई. कोलायमध्ये हा रेणू नसतो. मग तो बनवतं कोण? १९५७ मध्ये जोएल फ्लॅक्स आणि कोहेन यांनी तो बनवणारं एन्झाइम दाखवलं. लागण झालेल्या पेशीत ते होतं, निरोगी पेशीत अजिबात नव्हतं. सुरुवातीची ती मिनिटं अशा नव्या एन्झाइमांच्या तयारीत जात होती.

तरी एक शंका उरतेच: हे एन्झाइम जिवाणूच्याच एखाद्या झोपलेल्या जनुकाचं असेल तर? नुसत्या जैवरसायनाने याचं उत्तर मिळत नाही. १९६२ मध्ये टी४ची उत्परिवर्तित रूपं वापरून पाहिली. फेजचं एक विशिष्ट जनुक बिघडलं की हे एन्झाइम बनत नाही, असं दिसलं. त्या जनुकाला आज ‘जनुक ४२’ म्हणतात.

२००३ साली समुद्री सायनोजिवाणूंच्या एका फेजमध्ये चक्क प्रकाशसंश्लेषणाची जनुकं सापडली, तेव्हा हाच प्रश्न मोठ्या रूपात परत आला.

तुम्ही या विषयात येणार असाल, तर पेपर वाचताना दोन गोष्टी तपासा: लेखकांनी नेमकं काय मोजलंय, आणि दिसलेला बदल विषाणूच्या जनुकामुळे झाला की पेशीच्या प्रतिसादामुळे, हे वेगळं करून दाखवलंय का.