दासव्यापारविरोधी प्रचारसाहित्य, ब्रिटिश

आफ्रिकेतून माणसे नेऊन त्यांची वेस्ट इंडीज व अमेरिका खंडांत विक्री करण्याच्या व्यापाराविरुद्ध अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये निर्माण झालेली पत्रके, कविता, आत्मकथने व चित्रे. शब्द आणि चित्र यांच्या द्वारा लोकमत घडविण्याचा हा एक प्रारंभीचा संघटित प्रयत्न होय. २२ मे १७८७ रोजी लंडन येथे बारा जणांनी या व्यापाराच्या उच्चाटनासाठी मंडळ स्थापन केले. त्यांपैकी नऊजण क्वेकर पंथाचे होते. क्वेकरांना पार्लमेंटचे सदस्य होता येत नसे. त्यामुळे संसदेत विल्यम विल्बरफोर्ससारख्या सहानुभूतिदारांवर विसंबून बाहेरच्या वाचकाचे मन वळविणे, हे कार्य त्यांनी मुख्यत्वे अंगीकारले.

मंडळाच्या मुद्रेवर साखळदंडांनी जखडलेला, गुडघे टेकून हात जोडणारा दास दाखविला होता व त्याभोवती ‘मी माणूस नाही काय? बंधू नाही काय?’ अशा अर्थाचा प्रश्न कोरला होता. नकारार्थी प्रश्नाला होकारच द्यावा लागतो आणि तो दिला की दासव्यापाराचे समर्थन अशक्य होते. एवढी ताकद या अल्पाक्षरी वाक्यात होती. जोसाया वेजवुड (१७३०–९५) या प्रसिद्ध कुंभकलातज्ज्ञाने १७८७ मध्ये या मुद्रेवरून फिकट पार्श्वभूमीवर काळी आकृती असलेली पदके तयार केली. तपकिरीच्या डब्या, कंकणे व केसांतील आकडे यांवर ती मिरविली जाऊ लागली.

याहून प्रभावी ठरला तो ‘ब्रुक्स’ या जहाजाचा आराखडा. १७८८ मध्ये सरकारी आज्ञेवरून लिव्हरपूल येथील काही जहाजांची मोजमापे घेण्यात आली होती. त्यांच्या आधारे प्रथम प्लिमथच्या व नंतर १७८९ मध्ये लंडनच्या मंडळाने हा तक्ता छापला. प्रत्येक पुरुषास सहा फूट लांब व एक फूट चार इंच रुंद (सु. १८३ × ४१ सेंमी.) जागा धरून दासांच्या आकृती त्यात ओळीने मांडल्या होत्या. १७८८ च्या कायद्यान्वये या जहाजावर ४५४ जण नेण्यास मुभा होती. त्यापूर्वीच्या एका सफरीत ६०९ जण नेल्याची नोंद तक्त्यासोबतच्या मजकुरात होती. चित्रात रक्त नाही, चाबूक नाही. जहाजबांधणीच्या नकाशाची कोरडी रेषा तेवढी आहे. व्यापाऱ्यांचे साक्षीदार संसदीय चौकशीत हा प्रवास सुखाचा असल्याचे सांगत होते. त्यांना विलापाने उत्तर दिले असते, तर ते अतिशयोक्त म्हणून झटकता आले असते. फूट आणि इंच झटकता येईनात. टॉमस क्लार्कसन (१७६०–१८४६) याने हा तक्ता फ्रान्समध्ये नेला. तो पाहून मिराबोने जहाजाची लाकडी प्रतिकृती करविली.

आकड्यांची हीच युक्ती विल्यम फॉक्स याच्या १७९१ च्या साखरबहिष्कारविषयक पत्रकात आढळते. आठवड्यास पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने ती एकवीस महिने वर्ज्य केल्यास एका माणसाचे दास्य किंवा वध टळेल, असा हिशेब त्याने मांडला. हिशेबाच्या अचूकतेविषयी शंका घेता येईल. तथापि दूरच्या बेटावरील अत्याचार चहाच्या पेल्याशी आणून भिडविण्याचे त्याचे कौशल्य असामान्य होय. १७९२ मध्ये पार्लमेंटकडे ५१९ विनंतिअर्ज आले. पुढे १८२० नंतरच्या दशकात ‘दासश्रमाविना तयार झालेली ईस्ट इंडियाची साखर’ अशा आशयाची अक्षरे असलेली साखरपात्रे विकली जात. भारतातील शेतमजुरांची स्थिती मात्र या प्रचारात फारशी विचारात घेतली गेली नाही.

या साहित्याची मोठी उणीव म्हणजे त्यात दास बहुधा मुका आहे. मुद्रेवर तो याचना करतो, तक्त्यावर तो निनावी आहे, तर विल्यम कूपरच्या १७८८ च्या लोकगीतवजा कवितेत त्याच्या मुखातून इंग्रज कवीच बोलतो. ही उणीव ओलाउडाह इक्वियानो याच्या आत्मचरित्राने (१७८९) भरून काढली. ग्रंथनामातच ते ‘स्वतः लिहिलेले’ असल्याचे नमूद असून मुखचित्रात लेखक सभ्य इंग्रजी पोशाखात, हाती उघडे बायबल घेऊन, वाचकाकडे सरळ पाहताना दिसतो. त्याच्या हयातीत या ग्रंथाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. त्याचा जन्म आफ्रिकेत झाला की कॅरोलायनात, याविषयी अलीकडे मतभेद झाले आहेत. ग्रंथाच्या प्रचारमूल्यास त्यामुळे बाध येत नाही.

ब्रिटिश दासव्यापार १८०७ मध्ये बंद झाला. दास्य नष्ट करणारा कायदा १८३३ मध्ये झाला. त्यान्वये दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, दासांना नव्हे.

वेजवुडने १७८८ मध्येच काही पदके बेंजामिन फ्रँक्लिनकडे अमेरिकेस धाडली होती व तेथील चळवळीनेही पुढे हेच चित्र स्वीकारले. अमेरिकेत १८६५ मध्ये दास्य संपले. त्या कार्याबद्दल तेथील सज्जनांना जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ अर्पण केला. शूद्रातिशूद्रांच्या स्थितीस अन्य कोणतेही नाव न देता जगभर निंद्य ठरलेला शब्दच त्यांनी शीर्षकासाठी निवडला. ग्रंथाची रचना संवादात्मक असून त्यात धोंडीबा प्रश्न विचारतो व जोतीराव उत्तरे देतात. हे प्रश्न मालकाला केलेली विनवणी नसून दोन पीडितांनी आपल्या इतिहासाची आपापसांत केलेली चिकित्सा आहे.