बिनतारी संवेदक जालातील ऊर्जानियोजन

तापमान, पाऊस, जलपातळी, मातीतील ओलावा यांसारख्या राशी मोजून त्यांची मूल्ये रेडिओ तरंगांद्वारे मुख्य केंद्राकडे पाठविणाऱ्या लहान उपकरणांच्या समूहास बिनतारी संवेदक जाल म्हणतात. ही उपकरणे बहुधा विद्युत् घटांवर चालतात. त्यामुळे प्रत्येकाने केव्हा जागे व्हावे, केव्हा मापन व प्रेषण करावे आणि केव्हा सुप्त राहावे, हे आधी ठरवावे लागते. या नियोजनामागील विचार मात्र अशा जालांहून जुना आहे.

सुरत शहरास 1968 व 2006 मध्ये तापीच्या महापुरांचा तडाखा बसला. अशा पुराची पूर्वसूचना देण्यासाठी नदीच्या वरच्या टप्प्यातील जलपातळी वेळेवर कळणे आवश्यक असते. नंदुरबार जिल्ह्यात (स्थापना 1 जुलै 1998, तत्पूर्वी धुळे जिल्ह्याचा भाग) शहादा तालुक्यातील सारंगखेडा येथे केंद्रीय जल आयोगाचे मापनकेंद्र आहे, तेथील पाणी पुढे उकाई जलाशयास मिळते. आयोगाच्या अशा केंद्रांवर निरीक्षक कोरड्या ऋतूत दिवसातून मोजक्या वेळा, तर पावसाळ्यात तासातासाला मोजपट्टी वाचीत आणि आकडे बिनतारी यंत्राने कळवीत. गरजेप्रमाणे मापनाची वारंवारता बदलण्याचे तत्त्व येथे मूळ स्वरूपात आढळते.

निरीक्षक कायम राहू शकत नाही अशा दुर्गम स्थळांसाठी स्वयंचलित केंद्रे उपयोगी ठरली. इन्सॅट-1 बी (1983) या उपग्रहावर अशा केंद्रांचे संदेश पुढे पाठविण्याची सोय होती. यदृच्छ प्रेषणपद्धतीत दोन केंद्रांचे संदेश एकाच क्षणी येऊन नष्ट होण्याचा संभव असल्याने प्रत्येक केंद्र तोच संदेश अनेकदा पाठवी. पुढे भारतीय हवामानशास्त्र विभागाने प्रत्येक केंद्रास स्वतंत्र कालखंड नेमून देण्याची पद्धतही अवलंबिली. तिचे संदेश पुण्यातील भूकेंद्रात घेतले जात. पुनरुक्ती टळल्यामुळे प्रेषणास लागणाऱ्या ऊर्जेतही बचत होते.

लहान संवेदकांच्या जालात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कारण संदेशाची वाट पाहत ग्राही चालू ठेवण्यास प्रत्यक्ष संदेश घेण्याइतकीच ऊर्जा लागते. 2,500 मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या घटावर 20 मिलिअँपिअर प्रवाह घेणारे उपकरण सतत चालू ठेवल्यास घट सु. 5 दिवसांत संपतो. तेच उपकरण एकूण वेळेच्या शंभराव्या भागापुरतेच जागे ठेवल्यास घट, इतर ऱ्हास वगळता, सु. 500 दिवस पुरतो. या दृष्टीने 2000 मध्ये गटप्रमुखाचे काम आळीपाळीने वाटून देणारी ‘लीच’ पद्धती आणि 2002 मध्ये शेजारील उपकरणांना एकाच वेळी जागे व सुप्त करणारी ‘एस-मॅक’ पद्धती मांडण्यात आली. एकाच क्षेत्रावर अनेक संवेदकांची नजर असल्यास त्यांचे गट पाडून पाळीपाळीने वापरावेत, असाही विचार पुढे आला. महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने नासिक येथील द्राक्षमळ्यात अशा जालाचा प्रयोग केला.

या नियोजनाची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांसारख्या सातपुड्याच्या डोंगराळ भागात केंद्रांना सौरघटांचा आधार घेता येतो. परंतु दीर्घकाळ ढगाळ हवा असताना त्यांची ऊर्जा घटते आणि नेमकी त्याच वेळी मापनाची निकड वाढते. उपकरण अधिक सुप्त ठेवल्यास पाण्याची चढ नजरेतून सुटते. अधिक जागे ठेवल्यास ऐन पुरात घट संपण्याचा धोका असतो. म्हणून पातळी स्थिर असताना मापनांतील अंतर वाढविणे, ती चढू लागताच ते कमी करणे आणि घटात पुरासाठी राखीव ऊर्जा ठेवणे इष्ट ठरते. येथे घट किती दिवस टिकला, यापेक्षा धोक्याच्या घटकेला तो शिल्लक होता की नाही, यावरच नियोजनाचे यश ठरते. [⟶ पूर].